भागवलं, तरी नाव निघंना

ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये फॉर्म भरला, आधार-पॅनच्या झेरॉक्स दिल्या, संगणकापुढच्या पोरानं चार कळा दाबल्या आणि समोरचा चहा संपायच्या आत निकाल लागला. ‘‘काका, तुमचं सिबिल बसंना. घरात दुसरं कोण हाय का कर्ज काढायला?’’

कवठे महांकाळ तालुक्याच्या ढालगाव भागातल्या या द्राक्ष बागायतदाराच्या घरात दुसरं कोण असणार? जमीन त्याच्या नावावर. मुलगा नुकता हाताशी आलेला, त्याच्या नावावर ना गुंठा ना खातं. पाइपलाइनसाठी काढलेलं बँकेचं कर्ज थकलं होतं, बँक कोर्टात गेली होती, 2015 मध्ये हुकूमनामा झाला होता, हे तो लपवत नाही. पण 2019 च्या लोकअदालतीत त्यानं ते मिटवलं. निवाड्याची नक्कल घडी घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेली आहे. ‘‘कोर्टात ठरलं तेवढं एका दमात भागवलं. घरच्या म्हशी इकल्या त्यासाठी. भागवलं, तरी नाव निघंना, ही कसली रीत म्हणायची?’’

यंदाच्या अंकाचा विषय ‘देणं’ असा ठरला, तेव्हा संपादकांनी माझ्याकडं हाच धागा दिला होता : पैशासाठी कोर्टाचा हुकूमनामा झाला, की माणसाच्या आर्थिक पतीचं नेमकं काय होतं? शहरातला कुणीही सल्लागार एका वाक्यात उत्तर देतो, ‘सिबिल खराब होतं’. कवठे महांकाळला जाऊन बघितलं तर त्या एका वाक्यात बसेल असं काही दिसलं नाही. इथं कोर्टाची वही वेगळी, बँकेची वेगळी, तलाठ्याची वेगळी आणि मुंबईतल्या पतमाहिती कंपनीची वेगळी. एकीत पुसलेलं दुसरीत तसंच राहतं. आणि काही माणसांवर हुकूमनामा होऊनही पतमाहितीच्या वहीत काही उमटत नाही. ही माणसं कोण, ते पुढं येईलच.

समन्स दाराला

कवठे महांकाळ हा सांगली जिल्ह्याचा पूर्वेकडचा दुष्काळी तालुका. म्हैसाळ योजनेनं कृष्णेचं पाणी उपसून इकडं आणलं त्याच्या कितीतरी आधी इथली माणसं पोटासाठी मुलूखभर पांगली होती. खानापूर-आटपाडी-तासगावसारखीच इथलीही घरं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात आहेत. कर्ता माणूस केरळात नाही तर तमिळनाडूत, गावात म्हातारा-म्हातारी. कोर्टाचं समन्स मात्र गावच्या पत्त्यावर येतं.

बेलीफ येतो, नाव पुकारतो. घरातल्या सज्ञान माणसानं, बाई असो की बाप्या, समन्स घेतलं तर ते बजावलं गेलं असं कायदा मानतो. कुणी घेतलं नाही, दार बंद असलं, तर एक प्रत दाराला चिकटवायची, शेजारच्या साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या आणि तसा अहवाल कोर्टात द्यायचा. म्हाताऱ्याला वाटतं, मतदानाचा कागद असेल. पावसात तो गळून पडतो. तारखेला पुकारा होतो, प्रतिवादी गैरहजर, आणि काही तारखांनंतर एकतर्फी हुकूमनामा. तो रद्द करून घेण्यासाठी तीस दिवसांची मुदत आहे. समन्स नीट बजावलंच नव्हतं असं दाखवता आलं, तर हुकूमनामा समजल्या दिवसापासून हे तीस दिवस मोजतात. पण समजतो तो बहुधा जप्तीचं वॉरंट आल्यावरच.

दावा लावायला सावकाराला किंवा बँकेला साधारण तीन वर्षांची मुदत असते. ती संपत आली, की बँकेचा माणूस मोटारसायकलवरून बांधावर येतो आणि ‘एवढी येणेबाकी मला मान्य आहे’ अशा मजकुराच्या कागदावर सही घेतो. मुदतीच्या आत ही सही झाली, की तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून सुरू. ‘बँकेचा साधा फॉर्म हाय’ म्हणून सही दिलेले लोक या तालुक्यात शोधावे लागत नाहीत.

हे दुखणं जुनं आहे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची दप्तरं जाळली, त्या दंग्यांच्या मुळाशी इतर कारणांबरोबर हेही होतं : कुळ कोर्टात हजर नाही, सावकार एकतर्फी हुकूमनामा मिळवतो, तो लगेच बजावत नाही, डोक्यावर टांगून ठेवतो आणि त्या धाकावर नवा रोखा लिहून घेतो. त्यानंतर 1879 चा दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांपुरता. रोख्यावरचा आकडा तसाच न मानता मूळ हिशेब उकलून पाहण्याचा अधिकार त्यानं न्यायाधीशाला दिला, हप्ते बांधून देण्याची सोय केली. न्यायमूर्ती रानडे यांनी या कायद्याखालचे विशेष न्यायाधीश म्हणून याच मुलखात दौरे केले. आजचा सांगली जिल्हा तेव्हा नव्हता. तो 1949 मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. पण टांगून ठेवलेल्या हुकूमनाम्याची रीत जिल्ह्यांच्या सीमांबरोबर बदलली नाही. आजही पैशाचा हुकूमनामा बारा वर्षं जिवंत राहतो. 2015 मध्ये झालेला 2027 पर्यंत कधीही दरखास्त, म्हणजे बजावणीचा अर्ज, लावून बाहेर काढता येतो.

बिनकोटाचं कोर्ट

कवठे महांकाळच्या दिवाणी न्यायालयात दिवसभर बसलं, तर एक गोष्ट लक्षात येते. राष्ट्रीयीकृत बँका, फायनान्स कंपन्या, हातउसने दिलेले खासगी लोक यांचे दावे इथं दिसतात. पण तालुक्यातली निम्मीअधिक उधारी ज्यांच्याकडं असावी असं वाटतं, त्या पतसंस्था आणि सहकारी बँका बोर्डावर फारशा भेटत नाहीत. त्या दुसऱ्या दाराला जातात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 मधलं कलम 101 हे ते दार. सहायक निबंधकांपुढं अर्ज, संक्षिप्त चौकशी आणि मग वसुली दाखला. ‘एकशे एकचा दाखला’ म्हटलं, की गावात शेंबड्या पोरालाही समजतं.

या दाखल्याला साक्षीपुरावे, उलटतपासणी असलं काही लागत नाही. थकबाकीचा तो निर्णायक पुरावा मानला जातो. त्यानंतर विशेष वसुली अधिकारी येतो. जप्ती, मग लिलाव. दाखल्याविरुद्ध वर दाद मागायची तर आधी थकबाकीची निम्मी रक्कम भरा, असा कायदा आहे. ज्याच्याकडं निम्मी रक्कम असती तो थकला असता कशाला, हा प्रश्न मी एका वसुली अधिकाऱ्याला विचारला. त्यांनी हसून विषय बदलला.

आणि इथंच पहिलं आश्चर्य आहे. पतमाहिती कंपन्यांसाठीचा जो 2005 चा कायदा आहे, त्यात माहिती कुणी पुरवायची याची यादी दिली आहे. त्यात बँका आहेत, सहकारी बँका आहेत, बिगरबँकिंग वित्त कंपन्या आहेत, क्रेडिट कार्ड देणारे आहेत. पतसंस्था आणि गावची विकास सोसायटी त्या यादीत नाही. त्यामुळं एखाद्यावर पतसंस्थेचा दाखला निघाला, घराला नोटीस लागली, वर्तमानपत्रात जाहीर प्रगटन आलं, तरी त्याचं सिबिल कोरं किंवा चांगलं असू शकतं. उलट ज्याचा बँकेचा हप्ता सलग तीन-चार महिने चुकला, ज्याच्याविरुद्ध कुणी कोर्टाची पायरीही चढलं नाही, त्याचं सिबिल पडलेलं असतं.

जप्तीत काय जातं

पतीचा कागदी हिशेब बाजूला ठेवून जप्तीबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण गावात भीती तिची आहे आणि ती अर्धी चुकीची आहे.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 नं काही गोष्टी जप्तीबाहेर ठेवल्या आहेत. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण. शेतकऱ्याची अवजारं, बैल, बियाणं. स्वतः राहतो ते शेतकऱ्याचं घर. आणि धर्मरूढीप्रमाणं बाईला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने, म्हणजे मंगळसूत्र. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला अटक होत नाही. पुरुषाला दिवाणी तुरुंगात टाकता येतं, पण जास्तीत जास्त तीन महिने, आणि तेही ऐपत असून देत नाही असं सिद्ध झालं तरच. केवळ गरिबीमुळं देता येत नाही म्हणून कुणाला आत टाकता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 1980 च्या जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालानं पक्कं केलं. शिवाय आत टाकलेल्या ऋणकोच्या जेवणाचा भत्ता ज्याचं येणं आहे त्यानंच कोर्टात भरायचा असतो. ही तरतूद सांगितली, की पारावर हशा पिकतो. ‘‘म्हंजे आमचं पैसं बुडवायचं आनि जेवान बी आमीच घालायचं?’’

मात्र बँकेकडं गहाण टाकलेल्या मालमत्तेला कलम 60 चं हे कवच वाचवत नाही. जमीन गहाण दिली असेल, तर हुकूमनामा त्या जमिनीवरच असतो. बागायतदाराच्या कर्जात बहुतेक वेळा जमीन गहाणच असते.

सिबिलच्या वहीत

आता मुंबईतली वही. भारतात चार पतमाहिती कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. लोक चौघींनाही ‘सिबिल’च म्हणतात, जसं कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतात. गुणांक 300 ते 900. साडेसातशेच्या वर असला, की कर्ज देणारा खुर्ची पुढं सरकवतो.

ढालगावच्या त्या बागायतदाराचा अहवाल आम्ही महा-ई-सेवा केंद्रात छापून घेतला. कितीतरी पानं. वरती नाव, पॅन, जुने पत्ते. खाली खात्यांची यादी, आणि प्रत्येक खात्याखाली महिन्यांचे बारीक चौकोन, छत्तीस महिन्यांपर्यंतचे. हप्ता वेळेवर असेल तर त्यात तीन शून्यं. उशीर असेल तर दिवसांचा आकडा : 30, 61, 91. मग आकडे थांबतात आणि खातं बुडीतकडं कसं सरकलं याची अक्षरं सुरू होतात. त्याच्या पाइपलाइनच्या खात्यात एकही शून्य नव्हतं. चौकोनांच्या वर एका ओळीत ‘सूट फाइल्ड’, दुसरीत ‘सेटल्ड’. त्यानं बोट ठेवून विचारलं, ‘‘ह्यात हुकूमनामा कुठाय?’’

तो नव्हताच. भारतात कोर्टाकडून पतमाहिती कंपनीला हुकूमनाम्याची खबर आपसूक जात नाही. बँक जे कळवते तेच तिथं उमटतं. बँकेनं दावा लावल्याचं कळवलं तर ती नोंद होते. दावा पुढं निकाली निघाला, भागवला गेला, हेही बँकेनंच कळवायचं. न्यायाधीशाची सही मुंबईला पोचत नाही, पोचते ती बँकेच्या शाखेतून गेलेली फाइल. आणि खरं नुकसान हुकूमनाम्यानं केलेलं नसतंच. दावा लागायच्या आधीच, हप्ते चुकत गेले त्या महिन्यांत, गुणांक पडलेला असतो. हुकूमनामा झाला तो दिवस त्या वहीत कोराच आहे.

इंग्लंडमध्ये उलट आहे. तिथं कौंटी कोर्टाचा पैशाचा निकाल सार्वजनिक नोंदवहीत जातो, पतमाहिती कंपन्या तो तिथून उचलतात, आणि सहा वर्षं तो माणसाच्या अहवालात राहतो. महिन्याच्या आत पैसे भरले तर नोंद काढून टाकली जाते. अमेरिकेतही कोर्टाचे निकाल अहवालात येत असत. निकालांवर पुरेशी ओळख नसते, एका नावाच्या माणसाचं देणं दुसऱ्याच्या माथी बसतं, म्हणून 2017 पासून ते तिथल्या मोठ्या कंपन्यांनी काढून टाकले.

आपल्याकडं हुकूमनामा सावकाराच्या कानावर जातो तो दुसऱ्या वाटेनं. बँकेच्या पॅनेलवरचे वकील सर्च रिपोर्ट देताना सातबारा आणि नोंदणी कार्यालयाचे दप्तर पाहतात, आणि आता ईकोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराचं नाव टाकून तालुक्याच्या कोर्टात काय चालू आहे तेही पाहतात. तिथं जुनी निकाली दरखास्तही दिसते.

मिटवलं म्हणजे काय मिटलं

राष्ट्रीय लोकअदालतीच्या दिवशी कोर्टाच्या आवारात बँकांची टेबलं लागतात. शाखाधिकारी, वसुली अधिकारी, पॅनेलवर न्यायाधीश आणि वकील. दावा लावण्याआधीची प्रकरणंही घेतली जातात. ‘‘व्याज सोडा सायेब, मुद्दल भरतो’’ आणि ‘‘तात्या, एवढं नाही जमत, वरची परवानगी नाही’’ अशी घासाघीस. ठरलं, की निवाडा होतो. तो दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक, त्यावर अपील नाही. दावा चालू असेल तर भरलेली कोर्ट फीही परत मिळते. भांडण संपवायला यापेक्षा स्वस्त जागा नाही, हे मी बिनशर्त लिहीन.

मात्र टेबलावर एक गोष्ट कुणी बोलत नाही. बँकेनं व्याज किंवा मुद्दलाचा काही भाग सोडला, की ती पतमाहिती कंपनीला खातं ‘सेटल्ड’ म्हणून कळवते. ‘क्लोज्ड’ म्हणून नव्हे. बँकेच्या बाजूनं ते खोटं नाही, तिचे पैसे बुडालेत. पण पुढच्या कर्जदात्याला ‘सेटल्ड’ म्हणजे ‘याच्याकडं पूर्ण वसुली होत नाही’ एवढंच कळतं. आणि पतमाहिती कंपन्यांनी माहिती किमान सात वर्षं जपायची असा नियम आहे. त्या बागायतदाराच्या दृष्टीनं तो कोर्टात सन्मानानं मिटवून आला. मुंबईच्या वहीच्या दृष्टीनं तो सवलत घेऊन सुटला.

यावर उपाय आहे, पण तो टेबलावर बसल्याबसल्या करायचा असतो. सोडलेली रक्कम पुढं-मागं भरून ‘क्लोज्ड’ नोंद मिळेल का, किती दिवसांत मिळेल, ‘सूट फाइल्ड’ कधी निघेल, हे निवाड्याच्या अटींत लिहून घ्यायचं. बेबाकी दाखला त्याच दिवशी मागायचा. अहवालात चूक असेल तर बँकेकडं किंवा पतमाहिती कंपनीकडं तक्रार द्यायची. तीस दिवसांत ती निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा ऑक्टोबर 2023 चा नियम आहे. पण ‘सेटल्ड’ ही चूक नसेल, खरी नोंद असेल, तर तक्रारीनं ती पुसत नाही. लोकांची गल्लत होते ती इथं.

पीककर्जासाठी सिबिल मागू नका, असं राज्यकर्ते बँकर्स समितीच्या बैठकांत बँकांना बजावत असतात. टाळ्या मिळतात. ट्रॅक्टर, ठिबक, शेडनेट, शीतगृह, मुलीचं शिक्षण यांची कर्जं पीककर्ज नसतात.

पुरसीस

खासगी देण्याची गोष्ट आणखी निराळी. नागजच्या बाजूच्या एका माणसानं हातउसन्या पैशाचा हुकूमनामा अंगावर आल्यावर वादीच्या घरी जाऊन, भावकीतल्या चौघांसमोर, रोख पैसे मोजून दिले. चहापाणी झालं, खांद्यावर हात टाकून फोटोही काढले. चार वर्षांनी वादीच्या मुलानं दरखास्त लावली.

कायद्याचं बोट इथं सरळ आहे. कोर्टाबाहेर केलेली फेड कोर्टात नोंदवली गेली नसेल, तर दरखास्त चालवणारं कोर्ट ती मानत नाही. नोंदवायची कशी? वादीनं ‘पूर्ण फेड झाली’ अशी पुरसीस द्यायची. तो देत नसेल, तर ऋणकोनं पैसे दिल्यापासून तीस दिवसांत स्वतः अर्ज करायचा, आणि तोही बँकेतून दिल्याचा किंवा लेखी पुरावा जोडून. चौघांची साक्ष आणि फोटो तिथं चालत नाहीत. त्या माणसानं दुसऱ्यांदा पैसे भरले. या वेळी कोर्टात.

घेणारा परवाना नसलेला सावकार असेल, तर चित्र पालटतं. महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम 2014 प्रमाणं परवाना नसलेल्या सावकाराच्या बाजूनं कोर्ट हुकूमनामा देऊ शकत नाही. पण मुळात हा बचाव घ्यायला कोर्टात हजर राहावं लागतं, आणि समन्स तर पावसात गळून पडलेलं असतं.

मग सातबारा. कर्ज काढताना ‘इतर हक्क’ रकान्यात बँकेचा बोजा चढतो तो दोन-चार दिवसांत. उतरायला कुणालाच घाई नसते. बँकेचं पत्र घ्यायचं, अर्ज करायचा, फेरफार नोंद होऊन ती मंजूर व्हायची. आता ई-हक्क प्रणालीतून घरबसल्या अर्ज करता येतो. तरी कर्ज फिटून दहा-दहा वर्षं झालेले बोजे सातबारावर दिसतात. वडील गेलेत, जमीन वारसांच्या नावावर आलीय, बँकेची ती शाखाही दुसऱ्या बँकेत विलीन झालीय आणि बोजा जागच्या जागी. वडिलांच्या देण्यासाठी वारसदार मिळालेल्या मालमत्तेपुरताच जबाबदार असतो, त्याच्या स्वतःच्या सिबिलमध्ये ते देणं येत नाही. पण जमिनीवरचा बोजा पाहून नवी बँक त्याला दारातूनच परत लावते, तेव्हा या बारकाव्याचा उपयोग काय?

सही दिली होती

जामीनदारांबद्दल थोडकंच लिहितो, कारण त्यांच्याकडं सांगण्यासारखं एकच वाक्य असतं : ‘‘पावण्यानं म्हनलं, नुसती सही दे.’’ भारतीय करार कायद्यानं जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच ठेवली आहे. बँकेनं आधी कर्जदाराकडं जाऊन मगच जामीनदाराकडं यावं असंही बंधन नाही. हुकूमनामा दोघांवर मिळून होतो. आणि बँकेचं कर्ज असेल, तर जामीनदाराच्या स्वतःच्या पत अहवालात ते खातं ‘गॅरंटर’ म्हणून दिसतं. लेकीच्या शिक्षणासाठी कर्ज काढायला गेलेल्या एका शिक्षकाला मेहुण्याची बंद पडलेली जीप आपल्या अहवालात उभी असलेली दिसली.

असं दार बंद झालं, की माणसं बाजारपेठेतल्या सोनेतारण कर्जाच्या काउंटरवर जातात. तिथं सिबिलला फारसं कुणी विचारत नाही, वजन आणि कस पाहतात. कायद्यानं जे मंगळसूत्र जप्तीच्या हातून राखून ठेवलं, ते इथं बाई स्वतःच्या हातानं काट्यावर ठेवते. मी पाहिलं तेव्हा काउंटरवरच्या मुलानं काळे मणी वेगळे काढून तिच्या हातात परत दिले आणि वाट्या तेवढ्या तोलल्या.

दलालाचा चेक

आता सुरुवातीला म्हटलेल्या त्या माणसांकडं येतो, ज्यांच्यावर हुकूमनामा होऊनही पतमाहितीत काही उमटत नाही.

बेदाण्याचा बाजार बराच बांधलेला आहे. सांगली-तासगावच्या बाजारपेठेत सौदे निघतात, अडत्या मध्ये असतो, पट्टी मिळते. खाण्याच्या द्राक्षाचं तसं नाही. हंगामात दलाल बांधावर येतो, घड हातात धरून पाहतो, गोडी मोजतो, दर ठरतो, आणि माल क्रेटात भरून ट्रक निघतो. पहिल्या खेपेचे पैसे हातात. दुसऱ्या खेपेला निम्मे. तिसऱ्या खेपेला पुढच्या तारखेचा चेक. मग मोबाइल बंद. तासगाव आणि कवठे महांकाळ तालुक्यांत हंगाम सरत आला, की फसवणुकीच्या बातम्या छापून येतात.

शेतकरी काय करतो? चेक परत आल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यायची, पंधरा दिवस वाट पाहायची आणि पुढच्या महिन्याभरात चेक न वटल्याची, कलम 138 ची, फौजदारी तक्रार. नाही तर वसुलीचा दिवाणी दावा. दोन्हींत वर्षं जातात. समजा हुकूमनामा मिळाला, तरी दलालाचा पत्ता, त्याची मालमत्ता शोधून दाखवायचं काम शेतकऱ्याचंच. एका बागायतदाराकडं असा हुकूमनामा आहे; त्यावर अजून एक रुपाया आलेला नाही. तो बोलताना चिडतही नाही. ‘‘कागद हाय की घरात,’’ म्हणाला.

आणि ज्यानं त्याला बुडवलं त्या दलालाचं सिबिल? त्याच्यावर या हुकूमनाम्याचा ओरखडाही नाही. शेतकरी 2005 च्या कायद्याच्या यादीतली बँकही नाही आणि वित्त कंपनीही नाही, त्यामुळं त्याच्या येण्याची नोंद पतमाहितीच्या कुठल्याच वहीत होत नाही. दलालानं बँकेचे हप्ते वेळेवर भरले असतील, तर शेतकऱ्याच्या पैशानं का होईना, त्याच्या चौकोनांत शून्यंच शून्यं. त्याला नवी गाडी मिळते, नवं गोदाम मिळतं. ज्या बागायतदाराचे पैसे अडकले म्हणून त्याचा बँकेचा हप्ता चुकला, त्याच्या चौकोनांत मात्र 91.

या व्यवस्थेला मी एकतर्फी म्हणेन. पतमाहितीचं जाळं बँकांनी बँकांसाठी विणलं, त्यात गैर काही नाही. पण न्यायाधीशानं दोन्ही बाजू ऐकून, सही करून दिलेला निकाल बँकेच्या चुकलेल्या हप्त्यापेक्षा कमी विश्वासाचा कसा? इंग्लंडच्या नोंदवहीत गवंड्याचं येणं आणि बँकेचं येणं एकाच रांगेत बसतं. आपल्या कोर्टांचं काम ईकोर्ट्सवर येऊन काही वर्षं झाली, निकाल तिथं चढतात. ओळखीची खात्री करून, भागवल्यावर लगेच नोंद निघेल अशी सोय ठेवून, अंतिम झालेल्या पैशाच्या हुकूमनाम्यांची वही उघडणं अशक्य नाही. ती उघडली, तर बांधावर येणारा माणूस कसा आहे ते घड तोडायच्या आधी कळेल.

तोपर्यंत हाताशी आहे ते वापरा. चारही पतमाहिती कंपन्यांकडून प्रत्येकी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. कुणाला जामीन राहिला असाल तर तो मागवाच. आणि द्राक्षं देण्याआधी दलालाचं पूर्ण नाव विचारून घ्या. ईकोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुक्याचं कोर्ट आणि साल निवडून ते पक्षकाराच्या रकान्यात टाका; सांगली जिल्ह्यातली सगळी तालुका कोर्टं पाहा, नाशिक आणि सोलापूरकडचीही पाहा. मोबाइलवर होतं, फी लागत नाही.